सूक्ष्म प्लॅस्टिकचे मोजमाप : नमुन्यांचे हवेपासून संरक्षण

समुद्राचे पाणी, नदीचा गाळ, मीठ, मासळी, पिण्याचे पाणी, इतकेच नव्हे तर मानवी रक्त यांतही प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आढळल्याची वृत्ते गेल्या काही वर्षांत वारंवार प्रसिद्ध झाली आहेत. अशा वृत्तांमुळे लोकांच्या मनात चिंता निर्माण होणे स्वाभाविक आहे. मासळीबाजारातील उलाढाल, मिठागरांवर अवलंबून असलेली कुटुंबे, गावाची पाणीपुरवठा योजना आणि शासनाचे धोरण या सर्वांवर प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या एका आकड्याचा परिणाम होऊ शकतो. यास्तव तो आकडा बिनचूक असणे अगत्याचे आहे. हे मोजमाप करताना येणारी सर्वांत मोठी अडचण मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी आहे. जे कण नमुन्यात शोधावयाचे तेच कण प्रयोगशाळेच्या हवेत, टेबलावर आणि तपासनीसाच्या कपड्यांवरही असतात. नमुन्यात सापडलेला तंतू समुद्रातून आला की तपासनीसाच्या सदऱ्यातून, हे ठरविता आले नाही, तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही.

सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणजे काय ?

सर्वसामान्यपणे पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लॅस्टिकच्या कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक असे म्हणतात. यांपैकी काही कण मुळातच लहान आकाराचे तयार केलेले असतात. प्लॅस्टिकच्या वस्तू बनविणाऱ्या कारखान्यांना कच्चा माल म्हणून पुरविले जाणारे दाणे हे याचे उदाहरण होय. इतर कण मोठ्या वस्तूंची ऊन, लाटा व घर्षण यांमुळे झीज होऊन निर्माण होतात. पॉलिएस्टर, नायलॉन व ॲक्रिलिक यांच्या कापडातून सुटणारे बारीक तंतू हा तिसरा आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार आहे.

सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे कण तरंगत असल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात १९७२ मध्येच झाली होती. तथापि, या विषयाकडे जगाचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले गेले ते २००४ मध्ये. त्या वर्षी इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन व त्यांचे सहकारी यांनी समुद्रकाठच्या गाळात असे कण दाखवून दिले आणि ‘सूक्ष्म प्लॅस्टिक’ या अर्थाची संज्ञा रूढ झाली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही या विषयाचा अभ्यास झालेला आहे. गुजरातमधील अलंग येथील जहाजतोडणीच्या किनाऱ्यावरील गाळात दर किलोग्रॅममागे सरासरी ८१ मिलिग्रॅम प्लॅस्टिकचे बारीक तुकडे आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या चौपाट्यांवरील प्लॅस्टिक कचऱ्याची मोजणी २०१३ मध्ये, तर गोव्याच्या किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या प्लॅस्टिक दाण्यांचा ऋतुमानानुसार अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये समुद्री मिठाच्या आठ नाममुद्रांची तपासणी केली आणि सर्व मिठांत असे कण असल्याचे नोंदविले. समुद्राचे पाणी साध्या वाळूच्या गाळणीतून गाळले असता त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक कण अडविता येतात, असेही त्यांना प्रयोगात आढळले. समस्येबरोबरच तिच्या निवारणाचा व्यवहार्य मार्गही अशा संशोधनातून हाती येतो. म्हणूनच त्याचा पाया पक्का असणे आवश्यक आहे.

हवेतील तंतू

घरातील कवडशात तरंगणारी धूळ प्रत्येकाने पाहिलेली असते. या धुळीत माती, त्वचेचे कण व परागकण यांच्याबरोबरच कापडाचे तंतूही असतात. कापडाचा एक तंतू साधारणपणे दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. तो वजनाने अत्यंत हलका असल्यामुळे हवेच्या किंचित हालचालीनेही उचलला जातो आणि बराच काळ तरंगत राहून हळूहळू खाली बसतो. पॉलिएस्टरचे कपडे धुताना तंतू पाण्यात सुटतात हे पूर्वीपासून ज्ञात होते. ते कपडे नुसते अंगावर वापरतानाही तंतू मोठ्या प्रमाणात हवेत मिसळतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले.

हवेतून खाली बसणाऱ्या तंतूंचे पद्धतशीर मोजमाप प्रथम फ्रान्समध्ये झाले. पॅरिस शहर व त्याचे उपनगर येथे मोकळ्या आकाशाखाली दर चौरस मीटरवर दररोज २ ते ३५५ कण व तंतू खाली बसतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मनुष्यवस्तीपासून दूर असलेल्या पिरेनीज पर्वतातही हे प्रमाण दर चौरस मीटरमागे दररोज सरासरी ३६५ कण इतके असल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. वाऱ्याबरोबर हे कण किती दूरवर जातात, याची त्यावरून कल्पना येते.

बंद खोलीतील स्थिती याहूनही वेगळी आहे. पॅरिसमधील दोन घरे व एक कार्यालय यांत केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरच्या एक घनमीटर हवेत ०.३ ते १.५ तंतू, तर खोलीतील तितक्याच हवेत १ ते ६० तंतू आढळले. खोलीतील दर चौरस मीटर जागेवर दररोज खाली बसणाऱ्या तंतूंची संख्या १,५८६ ते ११,१३० इतकी होती. यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश तंतू कापसासारख्या नैसर्गिक पदार्थांचे व सुमारे एक-तृतीयांश तंतू खनिज तेलापासून बनविलेल्या पदार्थांचे होते.

एका बशीचे गणित

या आकड्यांचा प्रयोगशाळेच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हे साध्या गणिताने समजून घेता येईल. प्रयोगशाळेत वापरली जाणारी काचेची पसरट बशी नऊ सेंटिमीटर व्यासाची असते. तिचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर भरते. अशी बशी वरील प्रकारच्या खोलीत आठ तास उघडी राहिली, तर वरील प्रमाणानुसार तीत सुमारे ३ ते २४ तंतू पडतील आणि त्यांपैकी सुमारे १ ते ८ तंतू प्लॅस्टिकचे असतील.

आता याची तुलना प्रत्यक्ष संशोधनाशी करावी. इंग्लिश खाडीतील दहा जातींच्या ५०४ माशांची तपासणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६.५ टक्के माशांच्या पोटात प्लॅस्टिक आढळले आणि त्यांतील कणांची सरासरी माशामागे दोनपेक्षाही कमी होती. शोधावयाचा आकडा दोनच्या आसपास आणि एका दिवसात हवेतून पडू शकणारा आकडा आठपर्यंत, अशी ही परिस्थिती आहे. योग्य काळजी घेतली नाही, तर संपूर्ण स्वच्छ मासाही दूषित ठरेल. याउलट, हवेतील तंतूंचे निमित्त करून खरोखर दूषित असलेला मासा निर्दोष ठरविला जाण्याचा धोकाही तितकाच आहे.

इतिहासातील एक धडा

शोधावयाचा पदार्थ भोवतालच्या हवेतच असणे, ही अडचण विज्ञानाला नवीन नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन हे १९४८ पासून खनिजांतील व उल्कापाषाणांतील शिशाचे प्रमाण मोजून पृथ्वीचे वय ठरविण्याचा प्रयत्न करीत होते. परंतु त्यांच्या मोजणीत शिशाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक येई. हे जादा शिसे दगडातील नसून प्रयोगशाळेची हवा, पाणी, भांडी व रसायने यांतून येत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी भांडी पुनःपुन्हा आम्लाने धुतली, रसायने स्वतः शुद्ध केली आणि गाळलेल्या हवेची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. त्यानंतर १९५६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले पृथ्वीचे सुमारे ४५५ कोटी वर्षे हे वय आजही ग्राह्य मानले जाते.

या परिश्रमांचे दुसरे फळ अधिक मोलाचे ठरले. प्रयोगशाळेत येणाऱ्या शिशाचा माग घेताना, पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे सबंध वातावरणात पसरले असल्याचे पॅटरसन यांना दिसून आले आणि १९६५ पासून त्यांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. तेल व शिसे उद्योगांचा विरोध असतानाही त्यांचे म्हणणे टिकले, कारण त्यांचे मोजमाप निर्दोष होते. भारतात २००० साली शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले आणि २०२१ पर्यंत मोटारींसाठी त्याचा वापर जगातून संपुष्टात आला. स्वच्छ प्रयोगशाळेतील एका अचूक आकड्यातून एवढा मोठा लोकहिताचा निर्णय घडून येऊ शकला.

शंका निर्माण झालेले निष्कर्ष

सूक्ष्म प्लॅस्टिकच्या संशोधनातही सावधगिरीची गरज अनुभवातूनच पटली. जर्मनीतील बिअरच्या २४ नाममुद्रांमध्ये तंतू व कण सापडल्याचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा मोठा बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी अन्य तज्ज्ञांनी, हे कण बिअरमधील आहेत की प्रयोगशाळेतील हवेतून आलेले आहेत, अशी जाहीर शंका उपस्थित केली.

हातमोज्यांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. नमुन्याला हात लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर निर्मितीच्या वेळी लावलेले स्टिअरेट नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. ते पाण्यात उतरतात आणि त्यांचा वर्णपट पॉलिथिलीनच्या वर्णपटाशी मिळताजुळता असल्यामुळे काही वेळा त्यांची गणना प्लॅस्टिकमध्ये होते, असे २०२० मध्ये दाखवून देण्यात आले. संरक्षणासाठी योजलेले साधनच चुकीला कारणीभूत ठरण्याचे हे उदाहरण बोलके आहे.

पिण्याचे पाणी व गोडे पाणी यांतील सूक्ष्म प्लॅस्टिकविषयीच्या ५० अभ्यासांची छाननी २०१९ मध्ये करण्यात आली. गुणवत्तेच्या सर्व कसोट्यांवर समाधानकारक गुण मिळविणारे अभ्यास त्यांत केवळ चार होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लॅस्टिकविषयी अहवाल प्रसिद्ध केला. विश्वसनीय व प्रमाणित पद्धती विकसित करण्याची गरज त्यात प्रकर्षाने मांडण्यात आली आहे. तूर्त अशा कणांची नित्य तपासणी करण्याची शिफारस त्या अहवालाने केली नाही. पाण्यातील रोगजंतूंचा धोका आधी दूर करावा, असा त्याचा स्पष्ट सल्ला होता. ही सर्व उदाहरणे पाहून सूक्ष्म प्लॅस्टिकचा प्रश्नच खोटा आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. प्रश्न खरा आहे. त्याची व्याप्ती ठरविणारी मोजपट्टी निर्दोष हवी, एवढाच या उदाहरणांचा अर्थ आहे.

प्रतिबंधाचे उपाय

हवेतून होणारे दूषितीकरण टाळण्याचे उपाय ढोबळमानाने पाच भागांत सांगता येतील.

*खोली :* या कामासाठी शक्यतो स्वतंत्र व लहान खोली राखून ठेवावी. काम सुरू असताना दारे-खिडक्या बंद असाव्यात, छतावरील पंखा बंद असावा आणि खोलीत आवश्यक तेवढ्याच व्यक्ती असाव्यात. खोली केरसुणीने झाडल्यास खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते. म्हणून फरशी ओल्या सुती फडक्याने पुसावी. टेबल व उपकरणे काम सुरू करण्यापूर्वी गाळलेले पाणी किंवा सत्तर टक्के अल्कोहोल वापरून पुसून घ्यावीत. गालिचे, पडदे व स्पंजाच्या खुर्च्या या खोलीत नसाव्यात.

*वस्त्रे :* आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांतून वापरला जाणारा पांढरा झगा टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर व सूत यांच्या मिश्रणाचा असतो. या कामासाठी तो अयोग्य होय. शंभर टक्के सुती झगा वापरावा आणि तो नारिंगीसारख्या ठळक रंगात रंगविलेला असावा. अशा झग्यातून तंतू नमुन्यात पडला, तरी तो रंगावरून चटकन ओळखता येतो. झग्याच्या आत घातलेल्या कपड्यांचे स्वरूप व रंग यांचीही दररोज नोंद ठेवावी. गुन्ह्याच्या तपासात कपड्याच्या तंतूंवरून माग काढणारे न्यायसहायक तज्ज्ञ अशीच पद्धत अवलंबितात. सागरतळाच्या गाळातील तंतूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हीच पद्धत आपल्या क्षेत्रात आणली.

*भांडी व साधने :* प्लॅस्टिकच्या भांड्यांऐवजी काच व पोलाद यांची भांडी वापरावीत. प्लॅस्टिकची धुण्याची बाटली, नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचे झाकण यांकडे सहसा दुर्लक्ष होते. त्यांनाही पर्याय शोधावेत. प्रत्येक भांडे गाळलेल्या पाण्याने तीन वेळा विसळावे आणि ताबडतोब ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने किंवा काचेच्या झाकणाने झाकावे. उष्णता सहन करणारी काचेची भांडी व काचतंतूंचे गाळणकागद भट्टीत सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानावर काही तास ठेवल्यास त्यांवरील प्लॅस्टिक जळून जाते.

*पाणी व रसायने :* गाळ्यातून प्लॅस्टिक वेगळे करण्यासाठी मिठाचे दाट द्रावण वापरतात. हलके प्लॅस्टिक वर तरंगते व वाळू तळाशी राहते. माशाचे मांस विरघळविण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तर वनस्पतींचे अवशेष नष्ट करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरण्यात येते. मिठात मुळातच सूक्ष्म प्लॅस्टिक असू शकते, हे वर आलेच आहे. म्हणून प्रत्येक द्रावण वापरण्यापूर्वी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळून घेणे अनिवार्य आहे.

*हवेचे शुद्धीकरण :* अतिकार्यक्षम गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. अशा गाळणीतून आलेली हवा एकाच दिशेने संथ व समांतर प्रवाहात कामाच्या जागेवरून वाहत राहील, अशी व्यवस्था अमेरिकेतील विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास शोधून काढली. याच तत्त्वावर चालणारे स्वच्छ हवेचे मेज आज अनेक महाविद्यालयांतही आढळते. विषारी वाफा ओढून घेणारे धूर-कपाट आणि हे मेज यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. धूर-कपाट खोलीतील न गाळलेली हवा आत खेचते व ती नमुन्यावरून वाहते. तपासनीसाचे त्याने रक्षण होते, पण नमुन्याचे पुरेसे रक्षण होत नाही. जर्मनीत केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धूर-कपाटामुळे दूषितीकरण जेमतेम निम्म्याने घटले, तर स्वच्छ हवेच्या मेजामुळे ते ९५ टक्क्यांहून अधिक कमी झाले. अर्थात, दाहक रसायनांचे काम स्वच्छ हवेच्या मेजावर करणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या अनेक प्रकारांत हवेचा झोत तपासनीसाच्या तोंडाकडे येतो. असे काम धूर-कपाटात, भांडे काचेने झाकून करावे आणि गाळणे, वेचणे व पाहणे ही कामे स्वच्छ हवेच्या मेजावर करावीत.

महागडे मेज नसलेल्या प्रयोगशाळेलाही निराश होण्याचे कारण नाही. नमुना उघडा राहण्याचा वेळ कमी करणे, हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. आठ तासांऐवजी बशी केवळ दहा मिनिटे उघडी राहिली, तर तीत पडणारे तंतू सुमारे पन्नासपटींनी कमी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतानाही बशीवर काचेचे झाकण ठेवावे.

कोरा नमुना : प्रामाणिकपणाची कसोटी

कितीही काळजी घेतली, तरी दूषितीकरण शून्यावर येत नाही. म्हणून जे टाळता येत नाही ते मोजावयाचे, हे या शास्त्राचे दुसरे सूत्र आहे. त्यासाठी कोरा नमुना वापरण्यात येतो. खऱ्या नमुन्याऐवजी केवळ गाळलेले शुद्ध पाणी घेऊन त्यावर गाळणे, रसायने घालणे, तापविणे, मोजणे या सर्व क्रिया जशाच्या तशा करण्यात येतात. या कोऱ्या नमुन्यात जे कण सापडतील ते प्रयोगशाळेतून आलेले आहेत, हे उघड आहे. याशिवाय प्रत्येक टेबलाजवळ एक ओला गाळणकागद उघडा ठेवून त्या वेळी हवेतून काय पडते, याचीही स्वतंत्र नोंद घेण्यात येते.

उदाहरणादाखल, तीन कोऱ्या नमुन्यांत अनुक्रमे ४, ५ व ६ तंतू सापडले असे समजू. त्यांची सरासरी ५ व प्रमाण विचलन १ येते. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळविली असता ८ हा आकडा मिळतो. ही त्या प्रयोगशाळेची शोधमर्यादा होय. नदीच्या पाण्याच्या नमुन्यात ७ तंतू सापडले, तर ‘प्लॅस्टिक आढळले’ असे म्हणता येणार नाही. २५ तंतू सापडले, तर मात्र ते निश्चितपणे मर्यादेच्या वर आहेत आणि सरासरी वजा करून २० हा आकडा देता येईल. ही वजाबाकी रंग, आकार व पदार्थ यांनुसार करणे अधिक योग्य ठरते. कोऱ्या नमुन्यात निळे पॉलिएस्टर तंतू असतील, तर खऱ्या नमुन्यातील पारदर्शक पॉलिथिलीनचे तुकडे वगळण्याचे कारण नाही. कोरे नमुने किमान तीन असावेत. त्यांची संख्या जितकी अधिक तितकी मर्यादा अधिक भरवशाची होते.

याची दुसरी बाजूही तपासावी लागते. ठरावीक संख्येचे, ओळखता येतील असे रंगीत कण मुद्दाम नमुन्यात मिसळून शेवटी किती परत मिळतात हे पाहिले जाते. वीसपैकी सतरा कण मिळाले, तर ८५ टक्के कण हाती येतात, असा त्याचा अर्थ होतो. अतिदक्षतेपायी वारंवार विसळण्यात व गाळण्यात खरे कण हरवत तर नाहीत ना, हे या चाचणीने कळते.

तंतूची ओळख

डोळ्यांनी पाहून तंतू प्लॅस्टिकचा ठरविणे धोक्याचे आहे. रंगविलेला सुती तंतू हुबेहूब पॉलिएस्टरसारखा दिसू शकतो. जगातील महासागरांतून गोळा केलेल्या ९१६ नमुन्यांतील तंतूंची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील अवघे ८.२ टक्के तंतू कृत्रिम निघाले. बहुसंख्य तंतू वनस्पतिजन्य होते. म्हणून कणाचा पदार्थ अवरक्त वर्णपटाने अथवा रामन वर्णपटाने सिद्ध करणे आवश्यक मानले जाते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये लावलेल्या शोधावर आधारलेली ही दुसरी पद्धत एक मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ओळख पटवू शकते. नमुना तापवून त्याचे विघटन करण्याची व निघालेले वायू तपासण्याची तिसरी पद्धतही प्रचारात आहे. तथापि, चरबीयुक्त ऊतींपासूनही पॉलिथिलीनसारखेच घटक निघत असल्याने मानवी अवयवांच्या तपासणीत ती विशेष सावधपणे वापरावी लागते.

नमुना घेण्याच्या जागी

दूषितीकरण प्रयोगशाळेच्या दाराशी सुरू होत नाही. नदीकाठी, विहिरीवर किंवा होडीतून नमुना घेतानाही तंतू मिसळू शकतात. नमुना घेणाऱ्याने वाऱ्याच्या दिशेचा विचार करून असे उभे राहावे की, त्याच्या अंगावरून येणारा वारा बाटलीच्या तोंडावर येणार नाही. बाटली काचेची असावी, तिचे तोंड शेवटच्या क्षणी उघडावे व त्वरित बंद करावे. नायलॉनची दोरी, जाळ्याचे धागे व होडीचा रंग यांचे लहान तुकडे तुलनेसाठी जपून ठेवावेत. गाळलेल्या पाण्याची एक बाटली तेथेच तितकाच वेळ उघडी ठेवून कोरा नमुना म्हणून प्रयोगशाळेत न्यावी. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव यांसारख्या यंत्रमागांच्या गावी कापडाच्या तंतूंचा संभव अधिक असल्याने ही दक्षता दुप्पट घ्यावयास हवी.

अहवाल वाचताना

प्लॅस्टिकविषयीचे निर्णय आता केवळ चर्चेचे राहिलेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. देशभरात एकदाच वापरून टाकावयाच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. पर्यावरणातील सूक्ष्म प्लॅस्टिकच्या विश्लेषणाची तत्त्वे सांगणारे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अन्नातील सूक्ष्म प्लॅस्टिक मोजण्याच्या प्रमाणित पद्धती ठरविण्यासाठी २०२४ मध्ये लखनौ, कोची व पिलानी येथील संस्थांच्या सहकार्याने प्रकल्प हाती घेतला. पुढील काळात असे अहवाल जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्यासमोरही येऊ शकतात. अशा वेळी अहवालावर पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. कोरे नमुने घेतले होते काय, किती, आणि त्यांत किती कण सापडले ?

२. तो आकडा अंतिम निष्कर्षातून वजा केला आहे काय व शोधमर्यादा कोणती आहे ?

३. कामाच्या वेळी हवा, वस्त्रे व भांडी यांबाबत कोणती काळजी घेतली, याची नोंद आहे काय ?

४. कण कोणत्या पदार्थाचे आहेत हे वर्णपटाने सिद्ध केले आहे, की केवळ पाहून ठरविले आहे ?

५. कोणत्या आकारापर्यंतचे कण मोजले आणि मुद्दाम मिसळलेल्या कणांपैकी किती परत मिळाले ?

या प्रश्नांची उत्तरे अहवालात असतील, तर तो गांभीर्याने घ्यावा. ती नसतील, तर मासळी विकणाऱ्या भगिनींचा अथवा मिठागरातील कामगारांचा रोजगार धोक्यात येईल असे विधान त्याच्या आधारे करू नये. तसेच ‘काहीच आढळले नाही’ असे सांगून एखाद्या कारखान्याला मोकळे करणेही योग्य नव्हे.

शाळेतील प्रयोग

या विषयाची ओळख विद्यार्थ्यांना अल्प खर्चात करून देता येते. काचेच्या दोन स्वच्छ बशांत ओला पांढरा गाळणकागद ठेवावा. एका बशीवर काचेचे झाकण घालावे व दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही बशा वर्गात दिवसभर ठेवून सायंकाळी साध्या सूक्ष्मदर्शकाने किंवा चांगल्या भिंगाने त्यांवरील तंतू मोजावेत. दुसऱ्या दिवशी पंखा बंद ठेवून, तिसऱ्या दिवशी वर्ग झाडल्यानंतर लगेच, असे प्रयोग करून आकड्यांची तुलना करावी. झाकलेली बशी हाच येथे कोरा नमुना होय. डोळ्यांना न दिसणारी हवा काय वाहून आणते आणि मोजणी करताना तुलनेची जोड का लागते, हे या प्रयोगातून विद्यार्थी स्वतःच शिकतील.

प्लॅस्टिकचा वापर विवेकाने करणे व त्याचा कचरा योग्य रीतीने हाताळणे हे काम प्रत्येक गावाला व घराला करावयाचे आहेच. त्या कामाला दिशा देणारे आकडे प्रयोगशाळेतून येतात. सुती झगा, झाकलेली बशी, गाळलेले पाणी आणि कोऱ्या नमुन्याची प्रामाणिक नोंद या साध्या गोष्टींवर त्या आकड्यांची विश्वासार्हता अवलंबून आहे. लोकांनी शास्त्राच्या सांगण्यावर विसंबून आपल्या सवयी बदलाव्यात अशी अपेक्षा करावयाची असेल, तर शास्त्राने प्रथम आपल्या टेबलावरील धुळीचा हिशेब चोख ठेवला पाहिजे.